नळाखालचा अल्फा

फेब्रुवारी निम्मा सरला की खरवईच्या आमच्या इमारतीत टीव्हीचे आवाज खाली येतात. कोणत्या मजल्यावर बारावी आहे ते कुणाला विचारावं लागत नाही. त्या घरातली आई दार हलक्या हाताने लावते, वडील चपला हातात घेऊन आत शिरतात, आणि आजूबाजूचे आपण सगळे उगाचच त्या घराशी जरा अदबीने वागायला लागतो. बाहेर शेवगा फुललेला असतो. बारवी धरणाच्या रस्त्याला सावरीच्या झाडांवर पान एक नसतं आणि लाल फुलं मात्र फांदीफांदीला. सकाळचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, दुपारचं वाटत नाही. पंचांगात या ऋतूला नाव नाही. मी आपली मनातल्या मनात त्याला प्रॅक्टिकलचा ऋतू म्हणते.

यंदाची बारावी तिसऱ्या मजल्यावर आहे. इरा तिचं नाव. मी अंबरनाथच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढली आहेत हे तिच्या आईला कळल्यापासून केमिस्ट्रीची अडलेली गणितं माझ्याकडे येतात. परवा ती आली ती वही नाचवतच. गणित जुनंच होतं: अमोनियम हायड्रॉक्साइड या दुर्बल बेसची आयनीभवनाची मात्रा काढा. म्हणजे असं, की हा बेस पाण्यात घातला तरी त्याचे सगळे रेणू सुटे होत नाहीत. शंभरातला एखादा फुटतो, बाकीचे आहेत तसे आपल्या जागी गप्प राहतात. एकूणातले किती फुटले त्या अपूर्णांकाला अल्फा म्हणायचं. सूत्रात अल्फा दोनदा येतो. वर त्याचा वर्ग असतो आणि खाली 'एक वजा अल्फा' असतं. आता अल्फा इतका बारीक, की एकातून तो वजा केला काय आणि न केला काय. म्हणून खालचा अल्फा सोडून द्यायचा, की उरतं साधं वर्गमूळ. इराच्या फोनने ते काढायला पापणी लवायचाही वेळ घेतला नाही.

उत्तर बरोबर होतं. तरी ती जाईना. म्हणाली, "मावशी, पण हा खालचा अल्फा निग्लेक्ट का करायचा? आणि वरचा ठेवायचा आणि खालचा सोडायचा, हे चीटिंग नाही का?"

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. हाच प्रश्न मी एकदा ऐकला होता, नळावर हंडा घेऊन उभी असताना.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंबरनाथला पूर्वेला राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. वडील रंगाच्या कंपनीत शिफ्टवर होते. आमच्याकडचा नाला त्या काळी रंग बदलायचा. आज जांभळा दिसला तर उद्या पिवळा, आणि त्यावरून कंपनीत काय चाललंय ते वडील घरी बसून सांगायचे. वासाचं तर काय विचारू नका. आंब्याचा मोहोर आणि कंपनीचा गॅस एकाच झुळकेत नाकात शिरायचे, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये अमोनियाची बाटली उघडली तरी आमच्यातलं कुणी नाक मुरडत नसे. जन्मापासूनची सवय. एका मुलीच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी यायचं. ती सुमन.

सुमन बारवी धरणाच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. घरी भातशेती, आणि भात निघाला की जंगलातला लाकूडफाटा, मोहाची फुलं, करवंदं. अकरावी-बारावीसाठी ती आत्याकडे येऊन राहिली होती. आत्याची खोली आमच्या इमारतीच्या मागच्या चाळीत. बुटकी, काळीसावळी, दोन वेण्या वर बांधलेल्या, आणि कायम शेवटच्या बाकावर. तिला वर्गात बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. म्हणजे एकदाच ऐकलं होतं. अकरावीच्या पहिल्या आठवड्यात कुणीतरी शिक्षकांनी तिला उभं केलं, तिने तिच्या गावच्या बोलीत काहीतरी सांगितलं, आणि सगळा वर्ग हसला. त्यात वाईट असं कुणाच्या मनात नव्हतं. उल्हासनगरच्या त्या कॉलेजात रोज कुणी ना कुणी कुणाला तरी हसायचंच. सिंधी मुलं आमच्या मराठीला हसायची, आम्ही त्यांच्या, आणि मराठी शाळेतून आलेल्या आम्हा सगळ्यांच्या इंग्रजीला तर भिंतीसुद्धा हसत असतील. बाकीचे ते विसरून गेले. सुमनने तोंड मिटलं ते मिटलंच.

मला तिचा आवाज कळला तो नळावर. आमच्याकडे पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढायचं नाही. संध्याकाळी ते यायचं तासभर, आणि तेही खालच्या चाळीतल्या नळालाच जोरात. म्हणून मी हंडा घेऊन तिथे जायची. नळाखाली पत्र्याचं मोठं पिंप असायचं. त्यात पाणी पडायला लागलं की असा काही धो धो आवाज व्हायचा की शेजारच्या बाईशी बोलायचं तर ओरडावं लागे. एका संध्याकाळी मी पिंपाच्या अलीकडे उभी होते आणि पलीकडून कुणीतरी मोठमोठ्याने बोलत होतं. मला वाटलं भांडण लागलं. वाकून पाहते तर सुमन, पदार्थविज्ञानाची व्याख्या म्हणत होती. खणखणीत, घाटावर कुणाला हाक मारावी तशी.

मी तिच्याकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं. ती थांबली. मग कशी कोण जाणे, पाण्याकडे बघत मलाच विचारती झाली.

"वृंदा, त्यो खालचा अल्फा आपुन सोडतो ना, त्यो जातो कुठं?"

"जातो कुठं म्हणजे? लहान असतो गं तो, म्हणून सोडायचा."

"लहान हाय म्हनून सोडायचा, मग वरचा पन लहानच हाय. त्याला कनाला ठेवला?"

सर म्हणतात म्हणून, एवढंच माझं उत्तर. मी हंडा डोक्यावर घेतला, तो हिंदकळला, आणि मानेवरून पाणी पाठीत गेलं. सुमन हसली. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना प्रथम पाहिलं, आणि मला फार बरं वाटलं.

त्यानंतर आमचा अभ्यास नळावर सुरू झाला. घरी ये म्हटलं तर ती यायची नाही, आली तर आईसमोर मान खाली घालून बसायची. नळाखाली पाणी पडत असलं म्हणजे मात्र तिच्या तोंडाला खळ नसे. पाणी पडून पडून पिंप भरत आलं की आवाज बारीक होतो, तसा तिचाही व्हायचा. पिंप काठोकाठ झालं की पाणी आणि ती, दोघंही गप्प. मी तिची थट्टा करायची, की बाई, तुला आत एक नळच बसवलेला आहे. ती म्हणायची, "पानी आमच्याकडचंच हाय ना. धरन आमच्याकडं, नळ तुमच्याकडं. वळखीचं वाटतं."

मी मात्र लॉगची पुस्तिका घेऊन अडून बसलेली असायची. तेव्हा फोन नव्हते, कॅल्क्युलेटर परीक्षेत चालत नसे. वर्गमूळ काढायचं तर लॉग बघून त्याचं निम्मं करायचं. आकडा एकाहून लहान असला की लॉगमधल्या पहिल्या अंकाच्या डोक्यावर आडवी रेघ येते, त्याला बार म्हणायचं. बार चार असला तर निम्मे बार दोन, सरळ काम. बार तीन आला की माझी वाट लागायची. बार दीड लिहून मोकळी व्हायची मी. सगळं उत्तर चुकायचं, आणि पुढे पानभर रीत बरोबर असून पदरात काही पडायचं नाही.

सुमनने ते मला नळावरच्या भाषेत शिकवलं. "तीन हंडे दोघींत कसे वाटशील? शेजारनीकडनं एक उसना घे. झाले चार. दोन तुला, दोन मना. पन उसना आनलेला इसरू नको, त्यो पॉइंटाच्या पुढं मांड आनि मंग त्याचं पन निम्मं कर." आजही कुठे बार तीन दिसला तर मला शेजारीण आठवते. अर्थात आता बार तीन कुणाला दिसतो!

आमचे केमिस्ट्रीचे सर मोटवानी. उल्हासनगरच्या निर्वासितांच्या कॅम्पातले, बराकीत वाढलेले. मराठी-हिंदी-सिंधी अशी त्यांची एक स्वतःची भाषा होती, आणि तिच्यात ते अल्फापासून लग्नाच्या जेवणापर्यंत सगळं बोलायचे. मुलगा असो की मुलगी, सगळ्यांना 'पुट' म्हणायचे, म्हणजे बाळा. फार मायेचा माणूस. पण लॅबमध्ये नळाचा थेंब जरी पडताना दिसला तरी त्यांच्या अंगात यायचं. कोण ब्युरेटची नळी धुतंय, किती धुतंय, यावर त्यांचा एक डोळा कायम. "अरे नळ बंद करो! पाणी काय फुकट येतं? मेरी माँ चार बजे उठके लाइन में खडी रहती थी, तेव्हा एक बालटी मिळायची!" हे त्यांचं वाक्य आम्हाला पाठ होतं. त्यांची पाठ वळली की मुलं त्यांची नक्कल करायची. लॅबचा नळ ते स्वतः दोन्ही हातांनी आवळून बंद करत, इतका, की पुढच्या तासाला तो उघडायला दोन मुली लागत.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. प्रॅक्टिकल सुमनचं उत्तम उतरलं. तोंडी परीक्षेला सर पाच-पाच जणांना टेबलाभोवती उभं करून एकेकाला प्रश्न विचारत. सुमनला त्यांनी सोप्यात सोपं विचारलं, मग त्याहून सोपं, शेवटी तिचं नाव विचारलं. तिने खाली बघून ओढणीचं टोक पिळलं. सरांनी नाइलाजाने शून्य लिहिलं.

त्या संध्याकाळी नळावर तिने हंडा भरून बाजूला ठेवला. मग म्हणाली की आत्याच्या यजमानांची कंपनी बंद पडतेय, मेमध्ये आत्या खोली सोडून गावी परतणार. पाड्यावरून सकाळी कॉलेजला पोचेल अशी गाडी नव्हती. म्हणजे सुमनला बारावी एकदाच होती. इंग्रजीतून लिहिताना तिची वाक्यं अर्धवट राहायची, लेखी पेपर जेमतेम निघायचा. तिला खरा आधार होता प्रॅक्टिकलचा, आणि त्यातल्या तोंडीला बाहेरून परीक्षक येणार होते. "माज्या गळ्यात कुनीतरी हात घालतं गं," ती म्हणाली. "सगळं येतं मना. वर येऊन अडकतं." मी तिचा हंडा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. मला रडू येत होतं, आणि त्या वयात रडू आलं की मी चिडल्यासारखी वागायची.

दुर्बल बेस म्हटलं की तो हलक्या प्रतीचा, असं आम्हाला आधी वाटायचं. तसं काही नसतं. त्याच्याकडे जे आहे ते सगळं असतं, फक्त सुटं होत नाही. त्यात पाणी घालत गेलं की मात्र गंमत होते. जितकं पाणी जास्त, तितके अधिक रेणू मोकळे होतात, अल्फा वाढतो. वाढता वाढता इतका होतो की मग त्याला लहान म्हणून सोडून देता येत नाही. आमची रीतच तिथे चुकते. नाइलाजाने पूर्ण समीकरण सोडवावं लागतं. हे पुस्तकात खाली बारीक अक्षरांत होतं. आम्ही ते सोडून देत होतो. सुमनला तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथे सापडलं. वरचा अल्फा सोडला तर गणितच उरत नाही, आणि खालचा सोडायचा तो थोड्या पाण्यापुरताच, हे तिने मला शोधून सांगितलं तेव्हा ती इतकी खूश होती की पिंप भरून वाहायला लागलं तरी तिला भान नव्हतं.

असंच एकदा कॉलेजात झालं. लॅबच्या मागे उघड्यावर एक नळ होता, तिथे आम्ही दोघी तास संपल्यावर परीक्षानळ्या धूत होतो. नळ पूर्ण सोडलेला, आणि त्या आवाजात सुमन मला हेच सारं पुन्हा समजावत होती, हातवारे करून. तेवढ्यात मोटवानी सर मागच्या दारात आले. तोंड उघडून, बोट वर करून, ओरडायच्या पूर्ण तयारीत. सुमनची त्यांच्याकडे पाठ होती. ती बोलतच राहिली. सरांचं बोट तसंच हवेत राहिलं. मग ते खाली आलं, त्यांनी डोकं जरा तिरकं केलं, थोडा वेळ ऐकलं, आणि न बोलता आत निघून गेले. नळ वाहत होता आणि मोटवानी सर गेले, हे मी घरी सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

इराला मी हे सगळं सांगायला बसले नाही. तिला पेपर आहे. मी तिला पाण्याचं तेवढं सांगितलं: विरल द्रावण असेल तर खालचा अल्फा सोडू नकोस, आधी बघ तो केवढा येतो. तिने मान डोलावली, फोनमध्ये काहीतरी टिपलं आणि धावत जिना चढली. तिच्या वयाच्या मुलामुलींना आम्ही बेधडक म्हणतो. पण काल मी त्यांच्याकडे गेले असताना पाहुणे आले, तेव्हा ही बेधडक मुलगी आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. कुणाचा अल्फा कुठे अडतो ते वरून दिसत नाही हेच खरं. मला तिच्याबद्दल एकदम माया दाटून आली, आणि मी तिच्या आईला म्हणाले, नसेल यायचं तर राहू दे गं तिला आत.

आमच्या प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी थंडी होती. बाहेरचे परीक्षक उंच, सफारी घातलेले, चष्म्यावरून बघणारे. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. आमची पाच जणींची तुकडी टेबलाजवळ उभी राहिली. सुमन टोकाला, बेसिनच्या बाजूला. पहिल्या तिघींची तोंडी भराभर झाली. मला दोन प्रश्न आले, त्यातला एक बरा गेला. मग त्यांनी सुमनकडे पाहिलं.

"डेसिमोलर अमोनियम हायड्रॉक्साइड. अल्फा कसा काढशील?"

सुमनने खाली पाहिलं. ओढणीचं टोक तिच्या बोटाभोवती फिरायला लागलं. परीक्षकांनी प्रश्न पुन्हा विचारला, आणि मग सवयीने पेनचं टोपण काढलं. मी तिच्याकडे बघू शकत नव्हते. लॅबमध्ये इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता, आणि त्या शांततेचा मला भयंकर राग आला.

मोटवानी सर आमच्या मागे उभे होते. ते दोन पावलं पुढे आले, बेसिनपाशी गेले आणि दोन्ही हातांनी त्यांनी नळ सोडला. पूर्ण. खाली पत्र्याची बादली होती, तिच्यात पाणी धडाडा पडायला लागलं.

परीक्षक दचकले. "हे काय, सर?"

"पाणी जाणार आहे, साहेब," सर ओरडून म्हणाले. "भरून ठेवायला लागतं. आप चालू रखो, पुछो, पुछो."

पाणी तर दुपारपर्यंत असायचं. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. आम्ही कुणीच एकमेकींकडे पाहिलं नाही.

सुमनने मान वर केली. आधी तिने बादलीकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि मग सरळ परीक्षकांकडे. ओढणीचं टोक सुटलं. "सर, आधी समजा, अल्फा लहान आहे," तिने सुरुवात केली. खणखणीत, पिंपापलीकडच्या बाईला ऐकू जाईल अशी. अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी, मधूनच तिचं गावचं. सूत्र मांडलं, वर्गमूळ सांगितलं. परीक्षकांनी 'पाणी वाढवलं तर काय?' असं विचारलं, तिने तेही सांगितलं. मग त्यांनी न विचारताच, कुठपर्यंत सोडायचं आणि कुठून पुढे सोडता येत नाही, हेही सांगितलं. बादली भरली, वाहू लागली, सरांच्या बुटांवरून पाणी फरशीवर पसरलं. सर हलले नाहीत. आयुष्यभर थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा तो माणूस पाण्यात उभा राहून छताकडे बघत होता. परीक्षकांनी काहीतरी लिहिलं, या वेळी जरा वेळ घेऊन, आणि वही मिटली.

तेव्हा कुठे मोटवानी सर वाकले. त्यांनी नळ दोन्ही हातांनी आवळून बंद केला. लॅब पुन्हा चिडीचूप झाली. त्यांनी फरशीवरचं पाणी पाहिलं, स्वतःचे बूट पाहिले, आणि नेहमीसारखे आमच्यावर कडाडले, "हा नळ कोणी उघडा टाकला? पाणी काय फुकट येतं?"

आता पाण्याचा आवाज नव्हता, कशाचाच नव्हता. आणि त्या शांततेत, सगळ्यांदेखत, सुमन म्हणाली, "मी नाय, सर."

आधी सर हसले. मग सगळी लॅब हसली, आणि या वेळी सुमनही हसत होती.